लालीचा वारा, निळीचं पाणी

१ फेब्रुवारी, रविवार

आली. दुपारी टेम्पोतून उतरवली. निळी, चकचकीत, पुढं जाळी, जाळीमागं रेडिएटर. वंदीची गाडी. माझी धाकटी जाऊ. बांधापलीकडं तिच्या वाटणीच्या खाचरात आता तीपण एटीव्हीच्या, चार जाड चाकांच्या उघड्या गाडीच्या, राइड देणार.

तीन वर्षांपूर्वी भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात जुने टायर गाडून ट्रॅक कुणी केला? मी. माळशेजला जाणारे मुंबईकर पोरं घेऊन इकडं वळतील हे कुणी हेरलं? मी. तेव्हा हेच प्रकाशभावजी, वंदीचा नवरा, कंबरेवर हात ठेवून हसले होते. "वहिनी, ही काय खेळण्यातली गाडी आणलीत!" आता तेच खेळणं त्यांच्या दारात, माझ्यापेक्षा मोठं.

पूजा मलाच करायला लावली. मोठी जाऊ ना मी. हळदकुंकू, हार, नारळ. वंदी म्हणाली, "ताई, तुमच्या हातनं झालं, आता काळजी नाय." मी हसले. आतून जळले. लिहूनच ठेवते, उगाच स्वतःशी कशाला खोटं बोला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला फोन. शहापुरात गॅरेज आहे त्याचं. शेणव्याला माहेरी असताना मी त्याच्या शेजारी बसून पाने-पकडी द्यायची, तिथूनच हे इंजिनाचं वेड लागलं.

म्हटलं, नीट समजावून सांग. तर म्हणतो, "तुझी वाऱ्यावर गार होते, तिची पाण्यावर. वारा थांबला की तुझी तापते. पाणी संपलं की तिची मरते."

"मग चांगली कुठली?"

"सांभाळणाऱ्यावर आहे."

"गुळमुळीत नको सांगू."

"बरं. दिवसभर भाड्यानं पळवायची तर पाण्याची चांगली."

फोन ठेवून दिला. सख्खा भाऊ!

माझ्या दोन गाड्या. लाली आणि ढमी. दोन्ही सव्वाशे सीसी, दोन्ही वाऱ्याच्या. इंजिनाला बाहेरून पट्ट्या, पट्ट्यांमधून वारा जातो, संपला विषय. पाइप नाय, पंप नाय, पंखा नाय, गळायला काही नाय. टाकीवर चिनी अक्षरं आहेत, त्यातलं एक वाचता येत नाय, पण आवाज ऐकून सांगते कुठं दुखतंय ते. वाईट काय, तर हळू चालवली की तापते. आणि नवखं माणूस घाबरून हळूच चालवतं. तीन फेऱ्या झाल्या की आंब्याखाली दहा मिनिटं उभी करावी लागते. नडगीला धग लागते ती वेगळी.

निळीचं चांगलं काय ते नाय लिहायचं मला.

८ फेब्रुवारी, रविवार

सगळे तिकडं.

माझ्या दोन्ही गाड्या आंब्याखाली, इंजिनं टक टक करत निवतायत, आणि पलीकडं निळी थांबायचं नाव घेत नाय. फेरी संपते, एक उतरतो, दुसरा चढतो. मधेच तिचा पंखा आपला आपण सुरू होतो. घूंऽऽ. गाडी उभी केली तरी थोडा वेळ फिरत राहतो. तो आवाज माझ्या डोक्यात बसलाय. भाकऱ्या थापताना ऐकू येतो.

एक बाई आपल्या पोरीला माझ्याकडं घेऊन आल्या होत्या. पोरगी लालीवर बसली आणि म्हणाली, "आंटी, पायाला गरम लागतंय." गेल्या बांध ओलांडून.

नंतर दोन मुलं विचारत होती कुठली चांगली. मी म्हटलं, "ती पाण्याची बंद पडली ना, तर ढकलवतसुद्धा नाय. जड धूड आहे नुसतं." ह्यांनी ऐकलं. हे म्हणजे आमचे हे, मुरबाडला कंपनीत शिफ्टला जातात, रविवारी मदतीला असतात. नुसतं बघितलं माझ्याकडं. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज काय केलं ते दादाला नाय सांगणार.

लाली तापली होती. पलीकडं पंखा चालू. मला राहवलं नाय. कळशीभर गार पाणी घेतलं आणि ओतलं सरळ इंजिनावर. वाफेचा लोट उठला, आतून टिक् असा आवाज आला. तापलेल्या पट्ट्यांवर गार पाणी ओतायचं नसतं हे मला दहावीत असल्यापासून माहीत आहे! तडा जातो. सगळ्या पट्ट्या बोट फिरवून बघितल्या. तडा नाय मिळाला. पण एका कोपऱ्यात तेलाचा ओलसरपणा आहे, तो काल नव्हता.

तिच्याकडं पाणी आहे म्हणून मी माझ्या गाडीवर पाणी ओतलं. काय म्हणावं या डोक्याला.

१५ फेब्रुवारी, रविवार

म्याडम आल्या होत्या. धसईच्या पुढं त्यांचं फार्महाऊस आहे, शाळांच्या सहली येतात, आठवडाभर. दोन्ही ट्रॅक बघितले, ताक घेतलं, मग बोलल्या. त्यांना एटीव्ही पाहिजेत, पण एकाच घरच्या. दोघांशी बोलत बसायला वेळ नाय त्यांना.

"मुलं रांगेत उभी असतात हो. गाडी सावलीत नेऊन ठेवलेली चालणार नाही मला. दोन तास न थांबता चालवून दाखवा. जी चालेल तिला काम."

२२ मार्चला. अकरा ते एक. भर उन्हात.

वंदी टाळ्या वाजवायची बाकी होती. तिला काय, तिच्याकडं पंखा आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

हे म्हणाले, "काम मिळालं तर बघू. नाय मिळालं तर दोन्ही गाड्या विकून टाकू. रविवारी चार गिऱ्हाईकं, त्यातली तीन तिकडं जातात. मी करतो ओव्हरटाइम."

सरळ बोलले, रागावून नाय. म्हणून जास्त लागलं.

लाली गेली तर मी काय करू? म्हणजे करायला सगळं आहे, भात आहे, गुरं आहेत, पोरीचा डबा आहे. पण ते सगळं मी आले तेव्हा इथं होतंच. हे एक मी आणलं होतं.

१ मार्च, रविवार

तयारी चालू आहे. दादानं फोनवर सांगितलं तसं. ऑइल नवीन. जुन्या दातांच्या ब्रशनं डिझेल लावून पट्ट्यांमधली माती काढली, एकेक फट. तेलाचा ओला कोपरा सांगितला शेवटी त्याला. पाच मिनिटं शिव्या खाल्ल्या. मग म्हणाला, बोल्ट जरासा आवळून बघ, जास्त नको. आवळला. थांबलं.

वारा कुठनं येतो तेपण बघून ठेवलं. अकराच्या पुढं ओढ्याच्या अंगानं येतो, बांधाला लागून. तिथं तोंड करून लालीला वळवायचं आणि कुठंही उभं राहायचं नाय. चालत राहिली तर जगेल.

पलीकडून वंदी विचारत होती, "ताई, काय घासताय एवढं?" म्हटलं, "काय नाय गो, धूळ."

८ मार्च, रविवार

राब भाजायला सुरुवात, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तो. शेणी, छाटलेल्या डहाळ्यांची कवळं, पालापाचोळा, जिकडंतिकडं धूर. वारा सुटला की राख उडते, वाळत टाकलेले कपडे परत धुवावे लागतात.

वंदीची आई आलीय राहायला. आल्या आल्या निळीभोवती एक चक्कर मारली आणि गावच्या बाजारातून काळी बाहुली आणली. लिंबू-मिरची आणली. वर घोंगडीचा एक हातभर तुकडा. सगळं एकत्र बांधलं सुतळीनं, निळीच्या पुढच्या जाळीवर. आडवं, घट्ट.

मी बांधावर उभी होते. मला बघून म्हणाली, "कुनाची म्हनून नाय हो बाय. नजर काय, आपल्या मानसाचीबी लागते."

वंदी खाली बघत होती.

घरी येऊन भांडी आपटली. म्हणे आपल्या माणसाची! एवढी का मी… असो. आहे. पण तिनं तोंडावर का बोलावं.

९ मार्च, सोमवार

सकाळी शेण टाकायला गेले तेव्हा लक्षात आलं. घोंगडी बरोबर रेडिएटरवर बसलीय. निम्मी जाळी झाकली. बाकीच्या निम्म्यावर राख. लोकरीत राख अशी धरली आहे की हात मारला तर ढग उठेल. पाणी गार करणार कुठनं? पंखा ओढणार काय, घोंगडी?

सांगायला पाहिजे.

कसं सांगू? "वंदी, ती बाहुली काढ." मी म्हणायचं हे? ज्या बाईच्या नजरेसाठी बांधली तीच बाई म्हणतेय काढ. आई तिची गावभर करेल. भावजी म्हणतील, बघा, वहिनीला कसं सहन होत नाय.

आणि होत नायच आहे ना सहन. हीच तर अडचण आहे. खरं बोलले तरी ते जळकेपणाच वाटेल, आणि थोडं असेलही.

१५ मार्च, रविवार

निळीचा पंखा आता थांबतच नाय. तिच्या गिऱ्हाइकांना काय कळतंय, मजेत फिरतात. मला ऐकू येतं. आधी दोन-तीन फेऱ्यांनी लागायचा, आता पहिल्याच फेरीत.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. तापू दे तिलापण जरा.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी दोन्ही घरांची एकच असते आमच्यात, मोठ्या घरी. सगळे जेवायला. वंदीनं सकाळी सातला येऊन माझ्याबरोबर पुरणाचा घाट घातला. कडुनिंबाचा पाला वाटताना हळूच म्हणाली,

"ताई, एक विचारू? निळीचा गरमीचा काटा वर जातोय आता. आधी नव्हता जात. ह्यांना सांगितलं तर म्हणतात गप बस. तुमाला कळतं त्यातलं. दादांना विचारता का जरा?"

तोंडाशी आलं होतं. शप्पथ. घोंगडी काढ, एवढे दोन शब्द.

मी म्हटलं, "ऊन वाढलंय गो. उन्हानं होतं तसं."

"मग काय काळजीचं नाय ना?"

"नाय."

"बरं," म्हणाली. लगेच मान्य केलं. पोळ्या लाटताना गाणं गुणगुणत होती. मला पुरण गोड लागलं नाय.

२१ मार्च, शनिवार

उद्या. लाली पुसून ठेवली. ढमीला घरीच ठेवणार, एकच उतरवायची असं ठरलंय.

दादाला सांगितलं घोंगडीचं. तो म्हणाला, "तू सांगितलंस ना तिला?"

म्हटलं, हो.

आता दोन झाली खोटी.

२२ मार्च, रविवार

बोटं पोळलीत, अक्षर कसंही येईल.

अकराला सुरू. म्याडम मांडवात खुर्चीवर. लालीवर मी, निळीवर प्रकाशभावजी. वंदी आणि तिची आई बांधावर. हे आंब्याखाली, घड्याळ बघत.

पहिला अर्धा तास मला बाकी काही सुचलं नाय. बांधाला लागून वाऱ्यावर तोंड, वळण, परत वारा. लाली तापली होती पण आवाज साफ होता. नडगी भाजत होती, भाजू दे म्हटलं. चाळीस मिनिटं. आजवर एवढी कधीच चालली नव्हती. असा आनंद झाला मला! हे हात हलवत होते.

मग वास आला. गोडसर, काकवी तापल्यासारखा. कूलंटचा, रेडिएटरमधल्या हिरव्या पाण्याचा. निळी बाजूनं गेली तेव्हा काटा दिसला, टोकाला चिकटलेला. जाळीखालून बारीक वाफ. भावजी मजेत, एक हात सोडून म्याडमना दाखवतायत.

मला माहीत होतं. पाच-दहा मिनिटांत इंजिनाचं हेड वाकेल, त्याखालचं गॅस्केट जाईल, मग ती गाडी भंगारात. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं चालवत राहायचं होतं.

एक फेरी मारली तशीच. पूर्ण फेरी. ते लिहायला पाहिजे. त्या फेरीत मी ठरवलं होतं की थांबायचं नाय.

बांधावर वंदी दिसली. काट्याचं तिला कळत होतं. आईचा हात धरून उभी होती आणि बघत माझ्याकडं होती. गाडीकडं नाय, माझ्याकडं.

"भावजी, बंद करा!" ओरडले. ते हसले. "वहिनी, दमलात का?" परत ओरडले. त्यांना वाटलं डाव आहे. मग मी लाली आडवी घातली त्यांच्यासमोर. थांबली. दोन्ही थांबल्या. उतरले आणि जाळीवरची सुतळी दातानं तोडली, हातात दुसरं काही नव्हतं. घोंगडी ओढून काढली. राख तोंडावर. बोटं पोळली. बाहुली मातीत पडली.

वंदीच्या आईनं बोंबच ठोकली. "बघितलंत का? बघितलंत? उतरवली! हिच्याच डोल्यात व्हती ती नजर!"

भावजी म्हणाले, "जळकी." एवढंच.

मग ते जाळीला हात लावायला गेले आणि चटका बसला. हात झटकला.

म्याडमना मी सगळं सांगितलं, रेडिएटर, राख, वारा. त्यांनी नीट ऐकलं. म्हणाल्या, "दोन तास कुणाचेच झाले नाहीत. पुढच्या रविवारी परत बघू. आणि या वेळी तुम्ही दोघीच चालवा." गेल्या.

सगळे पांगल्यावर वंदी आली. तिनं वाकून बाहुली उचलली, घोंगडी उचलली, झटकली.

"ताई, पाडव्याला विचारलं तेव्हा माहीत होतं तुमाला?"

म्हटलं, "हो."

तिनं मान हलवली आणि गेली. भांडली असती तर मला दोन शब्द तरी बोलता आले असते.

२४ मार्च, मंगळवार

दादा आला होता शहापूरहून. माझ्याकडं चहा घेतला आणि अख्खा दिवस निळीपाशी. रेडिएटर काढला, आतून-बाहेरून धुतला, कूलंट भरलं. भावजी त्याला दादा-दादा करत होते. माझा भाऊ, हत्यारं त्याची, आणि गाडी तिची! अशा दिवशीसुद्धा मला तेच खुपलं. माझ्यापुढं कुणी हात टेकावेत?

जाताना म्हणाला, "हेड वाचलं. आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या तर गेलं होतं." मग, "आत हवा राहते. चार-पाच दिवसांत कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली जाईल. रेघेच्या खाली गेली की भरायला सांग तिला, नायतर परत तोच प्रकार. उरलेल्या कूलंटचा डबा तुझ्या पडवीत ठेवलाय, कण्यांच्या पिंपामागं. तिकडं तिची आई आपली वस्तू घरात ठेवू देत नाय."

"तूच सांग ना."

"तू सांग," म्हणाला. आणि माझ्याकडं असं बघितलं की शनिवारचं खोटं त्याला कळलंय हे मला कळलं.

२६ मार्च, गुरुवार

वंदी बोलत नाय. विहिरीवर समोर आली, घागर भरली, गेली. तिची आई आपल्या गावी परत गेली, जाताना आमच्या दारावरून न जाता मागून गेली.

ह्यांना म्हटलं, "मी सांगायला पाहिजे होतं."

"थांबवलीस ना शेवटी. झालं मग."

"नाय झालं."

"मग जाऊन बोल."

दोनदा बांधापर्यंत गेले. दोन्ही वेळा पंखा चालू होता. आता नीट चालतो, लागतो आणि बंद होतो, शहाण्यासारखा. तो ऐकला की अजून पोटात दुखतं. वाटलं होतं एवढं सगळं झाल्यावर जाईल. नाय गेलं.

डब्याचं सांगितलेलं नाय अजून.

२९ मार्च, रविवार

साडेदहा. आंब्याखाली बसून लिहितेय. म्याडमची गाडी फाट्यावर आलीय असा निरोप आला.

सकाळी लाली बाहेर काढली तर मागच्या कॅरिअरला काळी बाहुली. धुतलेली, नव्या सुतळीनं बांधलेली. पुढं नाय, इंजिनापाशी नाय. मागं, जिथं वारा अडत नाय. कुणी बांधली ते विचारायची गरज नाय. का बांधली ते मात्र… माझ्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून? की माझी नजर माझ्याच दारात राहावी म्हणून? ह्यांनी विचारलं काढू का. नको म्हटलं.

आत्ता बांधावरून हाक आली. सात दिवसांत पहिली.

"ताई! पाण्याचं मला नाय समजत. तुमी येऊन बघा. चालवा म्हणालात तर चालवीन, नको म्हणालात तर नाय."

भावजी तिच्या मागंच उभे आहेत.

निळीचं तोंड इकडंच आहे. बाटली इथूनच दिसते. हिरवं पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली आहे. तिला ते माहीत नाय. डबा पिंपामागं आहे, तेपण तिला माहीत नाय.

परत हाक मारतेय. उठते.